विदीर्ण गुरुजी

अड्याळ गावात सगळ्यांचे कपडे फाटतात. मेश्राम गुरुजींचे मात्र विदीर्ण होतात.

मी त्यांचा शिंपी. शिंपी म्हणजे आपला नावापुरता! माप बरोबर घेतो, पण पुढे कापड माझं ऐकत नाही. दिवाळीचे कपडे होळीला देणारा म्हणून बाजारभर माझी ख्याती आहे. तरी निवृत्त झाल्यापासून गुरुजी माझ्याकडेच येतात, कारण मी शिवतो कमी अन् ऐकतो जास्त.

"गुरुजी, पायजमा फाटला का?"

"फाटतो तो कागद, गाढवा! हा विदीर्ण झाला. विदीर्ण म्हणजे चिरला, भंगला, घायाळ झाला. म्हण!"

मी म्हणतो. पन्नाशीचा माणूस सुईत दोरा ओवता ओवता पाठ म्हणून राहिला, अन् बाकड्यावरची गिऱ्हाइकं खुदुखुदु हसून राहिली. काय इज्जत राहते माणसाची?

त्यांच्याच नादाने मी दुकानावर पाटी लावली होती : 'येथे विदीर्ण वस्त्रे सांधून मिळतील.' दुसऱ्याच दिवशी एक म्हातारी लंगडत आली. "बाबू, माया गुडघाबी सांधून दे नं." मी पाटी उतरवली. गुरुजी आठवडाभर बोलले नाहीत.

मागच्या महिन्यात त्यांच्या पत्नी नातू सांभाळायला पुण्याला गेल्या. मुलाचं घर लहान, म्हणून गुरुजी इथेच राहिले. "बरंच झालं," मला म्हणाले, "आता निवांत वाचत बसीन."

काल ते एक शर्ट घेऊन आले. मी तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. कोरा करकरीत! एक टाकासुद्धा निघालेला नव्हता.

"कुठं विदीर्ण झाला, गुरुजी?"

"पाह्य नं. फाटला असन कुठंतरी."

फाटला? गुरुजींच्या तोंडून? ते बाकड्यावर बसून रस्त्याकडे पाहत होते.

"घरी करमत नाही का?"

"नाही करमत रे," ते म्हणाले. "दिवसभर तोंड उघडाले जागा नाही. बायको होती तं माया हर शब्दावर हसे तरी."

मी शर्ट मांडीवर घेतला अन् डॉक्टरसारखं तोंड केलं.

"गुरुजी, हा लय विदीर्ण आहे. अन् माया कामाचा भरवसा तुमाले माहीतच आहे. रोज येऊन बसा लागन."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मग शर्टाकडे.

"बसतो," ते म्हणाले, अन् चपला काढून पाय बाकड्यावर घेतले.