कोरा गळ

“आज मासा घेऊनच या, नायतर नदीवरच ऱ्हावा,” अंबाबाईनं नवऱ्याला बजावलं, आणि तेही आपल्या भावाच्या देखत. भाऊ सहदेव खालापूरच्या कचेरीत शिपाई होता. छातीवरचा पितळी बिल्ला जेवतानाही न काढणारा हा पाहुणा ओटीवर पाय पसरून म्हणाला, की दाजी जन्मभर गळ घेऊन नदीवर जातात, पण त्यांच्या घरात माशाचा खवला काही आपण पाहिलेला नाही. नामाला ते फार लागलं. लागणारच, कारण ते खरं होतं.

त्याच्या गळाला आमिषच नसायचं. कोंडाण्याच्या वाडीतला धाऊ ठाकर हा त्याचा लहानपणापासूनचा सोबती. दोघांनी पोरवयातच ठरवून टाकलं होतं, की एक मासा मिळाला की उठायचं, नदीकडे दुसऱ्यांदा मागायचं नाही. तेव्हा घरी पळायची घाई असे. आता भात झोडून झालं, रानं मोकळी झाली, की करंजाच्या सावलीत धाऊशेजारी बसण्याइतकं सुख नामाला दुसऱ्या कशातच वाटत नसे. घरी अंबाबाई बोले, शेतावर बैल ऐकत नसत. धाऊ मात्र ना बोले, ना बोलायला लावी. असलं सुख एखाद्या खुळ्या माशानं येऊन मोडावं हे नामाला पटेना, म्हणून त्यानं गांडूळ लावणंच सोडून दिलं होतं.

आज मात्र अब्रूचा प्रश्न होता. त्यानं उकिरड्यामागं गांडुळं खणली, पळसाच्या पानात गुंडाळली आणि चोरासारखं लपत नदी गाठली. धाऊकडे पाठ करून त्यानं गळ सजवला. मित्राशी दगाबाजी करतोय असं वाटून त्याला धाऊकडे बघवेना.

दुपार कलली तरी मासा शिवेना. धाऊला मिळाला तर त्याचाच मागून न्यावा, अशा आशेनं नामानं तिकडे पाहिलं. नेमका तेव्हाच धाऊनं आपला गळ वर काढला.

“धाऊ, तुज्या गळाला कायच नाय रं.”

“मंग तुज्या तरी कदी व्हतं?”

नामानं गांडुळांचं पान हळूच मांडीखाली सरकवलं.

“मासा लागला की उठाया लागतंय,” धाऊ पाण्याकडे बघत म्हणाला. “बुधी गेल्यापासनं खोपटात मन नाय लागत रं.”

बायको गेल्यापासून धाऊ तिचं नाव पहिल्यांदाच घेत होता. इतके दिवस दोघांचेही गळ कोरेच होते हे उमगून नामा हसला, धाऊही हसला, आणि त्या हसण्यात नामाच्या हातची गळाची काठी सुटून पाण्यातून पळत निघाली. नामा धोतरासकट तिच्यामागं गेला. धाऊनं मुंडासं सोडून नामाकडे फेकलं आणि त्याला बाहेर ओढलं, नामानं काठी ओढली, आणि काठीमागून हातभर मरळ वाळूत येऊन आपटली.

आता उठायला हवं होतं, आणि ऊन तर अजून बरंच होतं. दोघं नको त्या वेळी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे मरळीकडे बघत उभे राहिले. शेवटी धाऊनं तोड काढली. काठाशी वाळूत खड्डा करून मरळ पाण्यातच ठेवायची. पाण्यात आहे तोवर ती मिळाली असं कशाला म्हणायचं? हा मुद्दा नामाला एखाद्या वकिलाला शोभेलसा वाटला. दोघं पुन्हा बसले. त्या दुपारी धाऊ बुधीबद्दल पुष्कळ बोलला आणि नामानं ते सगळं मन लावून ऐकलं. ऊन डोंगरावर चढलं तेव्हा पाहतात तर वाळूचा बांध फुटलेला आणि खड्डा रिकामा.

नामा मान खाली घालून घरी आला. सहदेव जेवायला बसला होता आणि वालाचं बिरडं ओरपत होता. अंबाबाईनं नवऱ्याचं ओलं धोतर आणि रिकामे हात पाहिले आणि कोरडं धोतर त्याच्यापुढं टाकलं. वालाला मोड यायला दोन दिवस लागतात, म्हणजे तिनं ते परवाच भिजत घातले होते, हे नामाच्या जरा उशिरा ध्यानात आलं. तो चुलीपाशी गेला.

“मंग मला मासा आनाया कशाला धाडलं?”

“भावादेखत बोलाया लागतंय,” ती हळूच म्हणाली. “पन रोज कोरा गळ नेनारं तुमी सकाळी गांडुळं खनताना दिसलात न् माजा जीव घाबरला. म्हटलं, धाऊभावजींशी भांडलात का काय.”

मग तिनं केळीच्या पानात भात-बिरडं बांधून त्याच्या हातात ठेवलं. धाऊला आता करून घालणारं कोणी नाही, आणि तो अजून नदीवरच बसला असेल, हे तिनंच सांगितलं. नामानं सवयीनं कोपऱ्यातला गळ उचलला.

“तो ऱ्हाऊ द्या हितंच,” अंबाबाई म्हणाली. “आता कुनाला दावायचाय?”