नमुन्याची खोली

भाषण करावं तर मी. खोटं वाटत असेल तर पंचवटीत कोणालाही धोंडीराम मास्तरांबद्दल विचारा. शाळेच्या बक्षीस समारंभापासून एखाद्याच्या दहाव्यापर्यंत, जिथे चार माणसं जमतील तिथे मी उभा राहून बोललेलो आहे, आणि दर वेळी निदान दोन बायकांनी तरी डोळ्यांना पदर लावलेला आहे. म्हणून एकोणीसशे चौतीस साली आमच्या मंडळासाठी वर्गणी जमवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो. एका भाषणात वीस खोल्या उभ्या करतो, असं मी भर बैठकीत सांगून टाकलं.

मंडळाचं नाव 'श्रीराम कृपाछत्र धर्मार्थ निवास मंडळ'. हे नाव ठरवायलाच आम्हाला पाच बैठका लागल्या होत्या. आमच्या गल्लीतल्या छोट्या राममंदिरात भजनाला जमणारी आम्ही माणसं. प्रत्यक्ष रामरायाच्या गावात मोलमजुरी करणारी कुटुंबं नदीकाठच्या ओवऱ्यांत झोपतात, हे देवाला कसं बरं वाटत असेल, असं एकदा भजनानंतर कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना गहिवरून आलं. त्या गहिवरातून एकतीस साली मंडळ निघालं. वीस खोल्यांची चाळ बांधायची आणि महिना रुपया भाड्याने गरिबांना द्यायची, असा बेत. पुढची तीन वर्षं आम्ही स्वस्थ बसलो होतो असं मात्र समजू नका. पावतीपुस्तकावर रामाचं चित्र असावं की मारुतीचं, यावरच पहिलं वर्ष गेलं. शेवटी दोघांचीही छापली, त्यामुळे देणाऱ्याचं नाव लिहायला जागा उरली नाही, म्हणून ती पुस्तकं रद्द करून नवी छापली.

अध्यक्ष गोरक्षशेठ. तांब्यापितळेच्या भांड्यांचा त्यांचा मोठा व्यापार. आपल्या वखारीमागची जागा त्यांनी मंडळाला दान दिली होती. ती नाल्याकडे उतरती होती आणि शेठजींना ती दुसऱ्या कशालाच वापरता आली नव्हती, पण दान ते दान. मी मानद चिटणीस होतो.

माझी योजना साधी होती. कागदावरचा नकाशा बघून कोणी खिशात हात घालत नाही. लोकांना डोळ्यांनी घर दिसलं पाहिजे. तेव्हा त्या जागेवर एक नमुन्याची खोली उभी करायची, पाडव्याला तिच्यासमोर माझं भाषण ठेवायचं, आणि एकादशीला रामाचा रथ निघतो त्या दिवशी मुंबईहून एक दानशूर पाहुणे येणार होते, त्यांना ती दाखवायची. नंतर खोली मोडून टाकायची.

काम जमील मिस्त्रींना दिलं. जुन्या नाशकातला हा माणूस, हात असा की त्याने बसवलेल्या दाराला वीस वर्षांत कुरकुर ठाऊक नाही. मी त्यांना समजावून सांगितलं की दहा दिवस टिकेल एवढंच हवंय. चटया लावा, वरून चुना फासा, सिंहस्थातल्या मांडवांचे पत्रे लिलावात स्वस्त मिळाले आहेत ते टाका. मिस्त्रींनी मान हलवली. चार दिवसांनी जाऊन बघतो तर विटांच्या भिंती उभ्या. खिडकी, कडीकोयंडा, भिंतीत दोन कोनाडे, धूर जायला जागा ठेवलेली चूल, सगळं होतं.

मी चिडलो. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "मास्तर, दहा दिवसांचं घर मला येत नाही. हात तसा वळतच नाही. पैसे ठरलेतच, जास्ती मागत नाही." जास्ती मागत नाहीत म्हटल्यावर शेठजींनी मला गप्प बसवलं.

पाडव्याला मांडव भरला होता. गॅसच्या बत्त्या दिवसाउजेडीच टांगलेल्या, सनई, चौघडा, शेठजींच्या गळ्यात पायापर्यंत हार. मी टेबलावर उभा राहिलो आणि असा रंगलो की काय सांगू. शेवटाकडे येताना मला समोर एखादं माणूस हवं होतं. गर्दीच्या कडेला डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक बाई उभी होती. मी तिच्याकडे बोट केलं.

"माय," मी म्हणालो, "हे घर माझं नाही. गोरक्षशेठचं नाही. हे घर तुझं आहे."

बाईने मोळी खाली ठेवली. "कधीपासून?" तिने विचारलं.

मधेच कोणी असा प्रश्न विचारला की कच्चा वक्ता अडखळतो. मी अडखळलो नाही. "आजपासून. या क्षणापासून," मी हात उंचावून म्हणालो. टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो नदीपलीकडे ऐकू गेला म्हणतात. वर्गणीची पेटी खुळखुळली. शेठजींनी मला मिठी मारली, त्यात हाराची फुलं माझ्या तोंडात गेली.

घरी आल्यावर मी चंद्रभागेला, म्हणजे आमच्या मंडळींना, सगळं सविस्तर सांगितलं. ती पुरणाचं पान वाढत होती. तिने एवढंच विचारलं की त्या बाईला ते भाषण होतं हे ठाऊक होतं का. मी म्हणालो, बायकांना वक्तृत्वातलं काही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाता जाता सहज खोलीवरून गेलो. पत्र्यातून धूर निघत होता. दारासमोर सडा घातलेला होता, आणि दाराला एक शेळी बांधलेली होती.

आत तीच बाई भाकरी थापत होती. तिचं नाव चतुराबाई. विंचूरकडची. नवऱ्याचं नाव कारभारी, दगडाच्या खाणीत त्याचा पाय गेलेला, सासू नवसाबाई, आणि तीन पोरी. सगळा संसार ओवरीतून उचलून कालच इथे आला होता. पाडव्याचा मुहूर्त कशाला मोडायचा, म्हणून ती भाषण संपल्याबरोबरच सामान आणायला गेली होती.

मी तिला सांगितलं की ही खोली नमुन्याची आहे.

"नमुना म्हंजी?"

"म्हणजे लोकांना दाखवायची."

"मग दाखवा की," ती म्हणाली. "आमी कुटं आडवं येतो?"

तिने मला चहा विचारला. कोपऱ्यात नवसाबाई भिंतीला पाठ टेकून बसली होती. म्हातारी भिंतीवरून सारखा हात फिरवत होती. नऊ वर्षांत आपल्या पाठीला घरची भिंत लागली नव्हती, असं ती मला सांगत होती. मला शाळेला उशीर होत होता, असं मी म्हणालो आणि निघालो.

शेठजींना ही बातमी कळली तेव्हा ते असे तापले की त्यांच्या दुकानातली भांडी त्यांच्याच अंगावर घडवता आली असती. त्यांनी तातडीची बैठक बोलावली. बेघरांना घर देण्यासाठी काढलेल्या आमच्या मंडळाने एकमताने ठराव केला की, सदर खोलीत बेघर लोक शिरल्याने बेघरांना घर देण्याच्या कार्यात अडथळा येत आहे. ठराव मीच लिहिला. अक्षर छान आलं होतं. मग शेठजींनी सामान बाहेर काढायला वखारीतले दोन हमाल पाठवले. ते दोन तासांनी परत आले. त्यांनी तिथे भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला होता, आणि जाताजाता चतुराबाईचा पाटा जड होता म्हणून आत नीट बसवून दिला होता.

तोवर गावात निराळंच पसरलं होतं. मास्तर ज्याच्याकडे बोट करून बोलतात त्याला खोली मिळते, असं लोक एकमेकांना सांगत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर ओट्यावर अकरा माणसं बसलेली. पाचव्या दिवशी चाळीस. गोजराबाई नावाची एक मोळीविकी नातवंडं घेऊन आली होती. ती म्हणाली, "मास्तर, लय बोलू नका. नुसतं माज्याकडं बघून येकदा म्हना." मी खूप समजावलं. मंडळ, निधी, बैठका, टप्पे, सगळं सांगितलं. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे आणि माझं बोट कुठे वळतं ते बघायचे. मी बोट दाखवायचंच सोडून दिलं. वर्गातसुद्धा पोरांना उभं करताना मी हनुवटीने खुणावू लागलो. भाजीवालीकडे एकदा चुकून बोटाने वांगी दाखवायला गेलो तर मागून एक म्हातारा पळत पुढे येऊन वांग्यांच्या टोपलीसमोर उभा राहिला.

एकादशी उद्यावर आली. चतुराबाई एका दिवसापुरतीसुद्धा बाहेर जायला तयार नव्हती. घरातून माणूस बाहेर गेलं की घर परत मिळत नाही, हे आपण दोनदा बघितलंय, असं तिने मला अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं. शेवटी शेठजींनीच तोड काढली. खोली नमुन्याची आहे तर कुटुंबही नमुन्याचं आहे असं सांगायचं. त्यांनी सगळ्यांना नवे कपडे पाठवले. मग गरीब दिसत नाहीत म्हणून परत मागवले. मग फारच गरीब दिसतात म्हणून अर्धे पुन्हा पाठवले. माझ्याकडे चतुराबाईकडून दोन वाक्यं पाठ करून घेण्याचं काम आलं. 'शेठजींच्या रूपाने आम्हाला प्रभू रामचंद्र भेटले' हे पहिलं. तिने ते ऐकलं आणि म्हणाली, "देवाला मधी कशाला घालता?"

रथाच्या दिवशी दुपारी पाहुणे आले. साधा कोट, डोक्यावर काळी टोपी, पायात धुळीने भरलेले जोडे. ते टांगाही न करता स्टेशनहून सुटणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून उतरून चालत आले होते, त्यामुळे स्वागताचा चौघडा भलत्याच रस्त्यावर वाजत राहिला. शेठजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी बोलायला सुरुवात करणार, तोच पाहुणे वाकून खोलीत शिरले आणि चतुराबाईसमोर जमिनीवर बसले. त्यांनी विचारलं की बाई, घर कसं आहे.

आम्ही सगळे दारात दाटीने उभे होतो. मी ओठ हलवून तिला पहिलं वाक्य आठवून देत होतो.

"घर चांगलं हाय," चतुराबाई म्हणाली. "मिस्त्रीनं जीव लावून बांधलंय. पन ही जागा खोटी. पावसात त्यो नाला हितवर येतो, भितीवर खूण हाय बगा वखारीच्या. वरच्या अंगाला बांधलं तर धा खोल्या बसतील. इस नाय बसायच्या."

शेठजी खाकरले. पाहुण्यांनी आजवर किती कुटुंबांची सोय झाली ते विचारलं. मी म्हणालो, एकाची. किती वर्षांत, तर तीन. मग त्यांनी बाहेर उभ्या असलेल्या जमील मिस्त्रींना हाक मारून विचारलं की या खोलीला खर्च किती आला. मिस्त्रींनी खरं ते सांगितलं, आणि पुढे न विचारताच हेही सांगितलं की पाडव्याच्या मांडवाला याच्या दुप्पट लागले.

दारातली शेळी ओरडली.

पाहुण्यांनी पैसे दिले. दहा खोल्यांचे दिले. पण अट घातली की ते जमील मिस्त्रींच्या हाती जातील, जागा वरच्या अंगाची घ्यायची, आणि खोल्या कोणाला द्यायच्या ते चतुराबाई ठरवेल, कारण ओवरीत कोण खरोखर झोपतं ते तिलाच माहीत आहे. मंडळाने एकच करायचं, बैठका घ्यायच्या नाहीत. शेठजींची वरची जागा चांगली होती, वखार वाढवायला ठेवलेली. पण चाळीस माणसं आणि रथासाठी जमलेली अर्धी पंचवटी बघत असताना त्यांना नाही म्हणता येईना. ते रडले. लोकांना वाटलं, शेठजी भक्तीने गहिवरले.

पावसाळ्याच्या आत दहा खोल्या उभ्या राहिल्या. नाल्याजवळची खोली सोडून चतुराबाई पहिलीत आली, गोजराबाईला तिसरी मिळाली. भूमिपूजन नाही, उद्घाटन नाही, हार नाही. मिस्त्री कुलूप लावायचे आणि चतुराबाई किल्ली द्यायची, की झालं.

आता इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण ते चाळीस जण खोल्या पुऱ्या होईपर्यंत रोज माझ्या ओट्यावर येऊन बसत होते. आमच्या घरमालकांना हे बघवेना. मास्तरांनी घराची धर्मशाळा केली, असं म्हणत त्यांनी आषाढातच जागा खाली करायला सांगितली. तीन वर्षं बेघरांची चिंता वाहणाऱ्या मानद चिटणिसाला स्वतःची ट्रंक आणि पाणी तापवायचा बंब घेऊन कुठे जावं ते सुचेना. भर पावसात कोणी जागा देईना.

मी शेठजींकडे गेलो. त्यांनी सहानुभूतीचा ठराव मांडू म्हणून सांगितलं. घरी आलो तर चंद्रभागा सामान बांधून बसली होती. ती परस्पर चतुराबाईकडे जाऊन आली होती. दहावी खोली अजून कोणाला दिलेली नव्हती. पगारदार माणसाला ती बसत नाही, असं चतुराबाईने आधी स्पष्ट सांगितलं होतं. मग चंद्रभागेकडे बघून म्हणाली होती की दिवाळीपर्यंत ऱ्हावा, भाड्याबरोबर मास्तरांनी रोज संध्याकाळी माझ्या तिन्ही पोरींना वाचायला शिकवायचं.

शिकवतो. थोरली, सिंधू, फार हुशार आहे. दोन महिन्यांत जोडाक्षरांपर्यंत आली. परवा वाचनाचा सराव म्हणून मी तिच्या हातात मंडळाचं एक जुनं पत्रक दिलं. तिने बोट ठेवून ठेवून अध्यक्षांचं नाव वाचलं, खजिनदारांचं वाचलं, मग माझं वाचलं आणि 'मानद चिटणीस' वर येऊन थांबली. अर्थ विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, अशी मीच तिला सवय लावलेली.

"मास्तर, मानद चिटणीस काय काम करतो?"

चुलीपाशी चंद्रभागेची पळी थांबली. मी पत्रकाची घडी केली आणि पोरींना म्हणालो, आज एवढं पुरे, आता पाढे म्हणा.