सुजलेल्या पापण्या आणि खरा खेद

चेहऱ्यावर काहीही दिसू न देणं यात माझा हात धरणारा कोणी नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि तिथे दुसरं काही शिकलो नसलो तरी एवढं नक्की शिकलो. फोनवरचा माणूस सांगत असतो, "तुमच्या लिफ्टमध्ये मी सासूबाईंबरोबर पाऊण तास अडकलो होतो, आणि वर दिवेही गेले." मी ओठसुद्धा न हलवता म्हणतो, "आम्हाला खेद आहे." तेव्हा आमच्या साहेबांच्या निरोपसमारंभात चेहरा गंभीर ठेवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मला वाटत होतं.

साहेब निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची मला मिळणार होती. नुसती खुर्ची नाही, खिडकीसकट केबिन! माझं टेबल झेरॉक्स मशीन आणि स्वच्छतागृहाचं दार यांच्या मधोमध आहे. एका कानात खडखडाट, दुसऱ्या कानात खळखळाट. त्यात साहेबांची लाल शाई. तक्रारीला मी लिहिलेलं प्रत्येक उत्तर त्या शाईत न्हाऊन परत यायचं आणि खाली शेरा ठरलेला: "खेद खरा वाटत नाही." अहो, कंपनी मालकीणबाईंची, अडकलेला माणूस कोण कुठला, मी खरा खेद आणायचा कुठून?

मालकीणबाईंनी साहेबांना आणखी दोन वर्षं थांबा म्हणून गळ घातली होती. साहेब म्हणाले, "नको. मी गेलो म्हणून इथे कोणाच्या डोळ्यांत टिपूस तरी येणार आहे का?" हे मी दाराआडून ऐकलं आणि त्याच संध्याकाळी केबिनच्या खिडकीत ठेवायला एक रोप विकत घेतलं. चांगलं मोठ्या पानांचं, मातीच्या कुंडीतलं. नवीन विभागप्रमुखाचं नाव मालकीणबाई समारंभातच जाहीर करणार होत्या. म्हणजे त्या दिवशी मला टवटवीत, तरतरीत, खुर्चीला शोभेल असं दिसायचं होतं. बस, एवढंच काम!

आदल्या संध्याकाळी मी आरशासमोर भाषणाची तालीम केली. "साहेबांची उणीव आम्हाला पदोपदी जाणवेल" या वाक्याला दर वेळी हसू फुटायचं. हसू दाबायला मी तोंडात खारे शेंगदाणे टाकायचो. वाक्य बसेपर्यंत अख्खी पिशवी संपली. मग सोफ्यावरच उपडा पडलो आणि उशीत तोंड खुपसून गाढ झोपलो.

सकाळी बायकोचा आवाज आला. "अहो, हे काय करून घेतलंत?"

"उजाडलं का?" मी विचारलं.

"केव्हाच. तुम्हाला दिसत नाहीये."

बोटांनी पापण्या वर उचलून मी आरशात पाहिलं. माझ्या डोळ्यांच्या जागी दोन छोट्या उशा होत्या. एखाद्या बेडकाने मला पाहिलं असतं तर सोयरीक विचारली असती!

"मीठ खाऊन उपडं झोपल्यावर दुसरं काय होणार?" बायको म्हणाली. "आता चोळू नका. थंड पाण्याची पट्टी ठेवा आणि डोक्याखाली दोन उशा घेऊन गप्प पडा. उतरेल हळूहळू."

हळूहळू! केबिन हातातून निसटायची वेळ आली होती आणि ही हळूहळू म्हणत होती. ती पट्टी भिजवायला गेली तेवढ्यात मी डोळे खसाखसा चोळले. ते आणखी सुजले. मग बर्फाच्या कप्प्यात चमचे ठेवले, ते इतके गार झाले की उजवा चमचा पापणीला चिकटला. मी घरभर "चमचा! चमचा!" करत धावलो. बायकोने कोमट पाणी टाकून तो सोडवला. त्यानंतर काकडी. चकत्या डोळ्यांवर गार लागल्या आणि फार बरं वाटलं, पण सकाळपासून पोटात काही नव्हतं. एक चकती घसरून तोंडापाशी आली ती खाल्ली. मग दुसरी. बायकोने माझ्या हातातून मिठाची बरणी काढून घेतली तेव्हा सगळी काकडी संपली होती.

"तुम्ही उपाय करताय की नाश्ता?" तिने विचारलं.

शेवटी चहाच्या भिजवलेल्या पिशव्या ठेवल्या. त्यांनी सूज तसूभरही हलली नाही, मात्र दोन्ही गालांवरून हनुवटीपर्यंत तपकिरी ओघळ उमटले, आणि ते साबणालाही दाद देईनात. बायकोने ओली पट्टी माझ्या हातात कोंबली, माझ्या नाकावर स्वतःचा काळा चष्मा चढवला आणि म्हणाली, "रिक्षात मान मागे टाकून बसा आणि पट्टी काढू नका." मी कुंडी काखोटीला मारून निघालो.

ऑफिसच्या दारातच टेलिफोनवाल्या ताई बसतात. त्यांच्यापर्यंत गेलेली गोष्ट सगळ्या विभागांत पोचायला टेलिफोनचीही गरज लागत नाही.

"भाऊ, काळा चष्मा? आज ऊनही नाही."

"जरा डोळ्यांचं आहे," म्हणत मी वाकून नमस्कार केला. चष्मा घसरला. ताईंनी माझ्या पापण्या पाहिल्या, गालांवरचे ओघळ पाहिले, कुंडीही पाहिली आणि त्यांचा हात आपोआप छातीशी गेला.

"साहेबांसाठी इतकं रडलात?"

"छे हो! शेंगदाणे खाल्ले."

"दुःखात माणूस काय खातो, त्याला तरी कुठे कळतं?" ताई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या हातातली कुंडी अलगद काढून घेतली. "साहेबांसाठीच आणलंय ना? मी ठेवते त्यांच्या खिडकीत."

कुंडी जायची होती तिथेच गेली, म्हणून मी काही बोललो नाही. इथेच माझं चुकलं.

टेबलाशी बसून मी बायकोच्या सांगण्याप्रमाणे मान मागे टाकली आणि ओली पट्टी डोळ्यांवर ठेवली. पट्टीतून पाणी ठिबकत होतं. आजूबाजूला कुजबुज सुरू झाली. कोणीतरी झेरॉक्स मशीन बंद केलं, आयुष्यात पहिल्यांदा! कोणीतरी पाणी आणून ठेवलं. हिशेबनीस माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मोकळे व्हा. आम्हाला वाटायचं तुम्हाला साहेब आवडत नाहीत. माणूस वरून कळत नाही हेच खरं." हे म्हणून त्यांनी स्वतःचेच डोळे पुसले.

"अहो, मी रडत नाहीये," मी पट्टीखालून ओरडलो. ओरडताना पट्टीतलं पाणी नाकात गेलं, ठसका लागला आणि माझा आवाज असा काही फाटला की पलीकडच्या टेबलावरही नाक शिंकरल्याचं ऐकू आलं.

समारंभाला सभागृहात शिरलो तर लोकांनी मला वाट करून दिली. पहिल्या रांगेत बसवलं, मालकीणबाईंच्या शेजारी. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि आपला रुमाल माझ्या हातात दिला. मला वाटलं, झालं, माझं रूप बघून ही बाई आता खुर्ची दुसऱ्याला देणार. घाबरून मी रुमाल डोळ्यांवर दाबला, की निदान पापण्या तरी दिसू नयेत. मागे हिशेबनीस हुंदके देऊ लागले. ताईंनी त्यांना साथ दिली.

माझी पाळी आली. मी उभा राहिलो. "साहेबांची उणीव आम्हाला पदोपदी..." एवढं म्हटलं आणि सवयीने हसू आलं. ते दाबायला आज शेंगदाणे नव्हते. मी ओठ घट्ट मिटले. खांदे गदगदा हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं आणि मी मटकन खाली बसलो. सभागृहात कोणाचाच डोळा कोरडा राहिला नाही.

साहेब उठले. खिशातलं भाषण त्यांनी बाहेर काढलं आणि तसंच परत ठेवलं.

"मी यांच्या प्रत्येक पत्रावर एकच शेरा मारत आलो," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "खेद खरा वाटत नाही. आज मी माझा शेरा मागे घेतो. इतका खरा खेद मी माझ्या नोकरीत पाहिला नव्हता." त्यांनी चष्मा पुसला. "मला वाटायचं, इथे मी कोणाला नको आहे. सकाळी केबिनमध्ये शिरलो तर खिडकीत रोप. ताई म्हणाल्या, यांनी आणलंय, रडत रडत. मालकीणबाई, तुमचं ते दोन वर्षांचं अजून तसंच आहे का?"

"तसंच आहे," मालकीणबाई म्हणाल्या.

"मग मी थांबतो. या माणसासाठी थांबतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी मला मिठी मारली. आणि तेव्हा, मंडळी, मी खरोखर रडलो. हमसून हमसून रडलो, साहेबांचा खांदा भिजेपर्यंत. साहेब माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होते, "पुरे आता, मी कुठे जात नाहीये." ते म्हणाले की मला आणखी भडभडून यायचं.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा पापण्या पार उतरल्या होत्या. बायकोने दार उघडलं आणि कौतुकाने म्हणाली, "बघा, पट्टी ठेवली की नाही? डोळे किती छान दिसताहेत."

आता माझी पत्रं लाल शाईत न्हात नाहीत. साहेब मला समोर बसवून प्रेमाने प्रत्येक वाक्य समजावून सांगतात, त्यामुळे एकेका पत्राला अख्खी दुपार जाते. रोज सकाळी आल्याबरोबर मी केबिनमध्ये जाऊन कुंडीला पाणी घालतो, कारण रोप माझ्या भावनेचं आहे आणि त्याला पाणीही मीच घालावं असं साहेबांना वाटतं. पानं मात्र तेजीत आहेत. खिडकीचा उजेड आहे ना तिथे.

पुढचा निरोपसमारंभ दोन वर्षांनी आहे. मी आत्तापासूनच मीठ सोडलंय.