तात्पुरतं कुंपण

"पालकाची भाजी निघाली की कुंपण उपटून टाकतो. तात्पुरतं आहे," बाळाचे बाबा म्हणाले. स्वतःच्या चपला दोन खोल्यांच्या घरात ज्याला सापडत नाहीत, तो असं ठासून बोलला की बायको आधीच कपाळाला हात लावते.

पलीकडच्या काकूंची कोंबडी रोज त्यांच्या पालकावर ताव मारायची. त्याच मागच्या अंगणातून काकूही यायच्या, बाळाला मांडीवर घ्यायच्या आणि तेवढ्यात बाळाच्या आईची अंघोळ उरकायची. अख्ख्या दिवसात तिच्या मालकीची वेळ तेवढीच.

बाबांनी कुठूनशा आणलेल्या गिरिपुष्पाच्या ओल्या फांद्या हद्दीवर ओळीने ठोकल्या. त्यांना वाटलं, खुंट आहेत. गिरिपुष्पाला वाटलं, लागवड आहे. बघता बघता खुंटांना पालवी फुटली, पालवीच्या फांद्या झाल्या आणि कोंबडीच काय, तिची पिसंही अडकतील असा गच्च पडदा उभा राहिला.

"खुंट मारतो म्हणालास आणि झाडं लावलीस," काकू पलीकडून म्हणाल्या. "आमचं येणं खुपत होतं, तर तोंडाने सांगायचं."

"काकू, ती आपोआप फुटली हो."

"हो ना. माझ्याकडे भांडीसुद्धा आपोआपच घासली जातात."

काकूंचं येणं बंद झालं. आईची अंघोळ म्हणजे दाराबाहेर बाळाचा भोंगा आणि आत दोन तांबे.

बाबा एक खुंट उपटायला गेले. खुंट जागचा हलला नाही, कंबर मात्र हलली. मग त्यांनी शेंडे छाटले. सगळा पाला काकूंच्या टोमॅटोवर पडला.

"आता कचराही आमच्याच दारात," पलीकडून ऐकू आलं.

छाटलं तिथे एकाच्या चार फांद्या आल्या. बाबांनी पुन्हा छाटलं. पाला पुन्हा पलीकडे.

शेवटी आईने त्यांच्या हातात करवत दिली. "आज बुंध्यापासून. नाहीतर उद्या बाळाला ऑफिसात घेऊन जा."

करवत लागते न लागते तोच पलीकडून आवाज आला, "कापशील तर बघ. त्या पाल्याच्या खतावर माझे टोमॅटो पोसलेत."

"पण काकू, तुम्ही तर रागावला होतात."

"अजून रागावलेलीच आहे. तुझ्याशी बोलत नाहीये मी. बाळ दे इकडे."

छाटलेल्या शेंड्यांवरून दोन हात पुढे आले. आईने बाळ त्यांत ठेवलं आणि न्हाणीकडे धूम ठोकली. पाणी अजून तापलं नव्हतं. तिने थंडच अंगावर घेतलं.

टोमॅटोवरच्या समेटाचा काय भरवसा.