चेट्टियाराची मान

अंबाने पाण्याचा पितळी पेला डोळे मिटून रिकामा केला, तोंड पुसलं आणि भिंत धरून चालत म्हणाली, "वेंकू, जेवण वाढ." ती सात वर्षांची होती. वेंकूबाईने पोरीकडे नाही, नवऱ्याकडे बघितलं.

त्यागराजरावांनी तिथल्या तिथे पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "उद्यापासून या घरात बाटली दिसणार नाही."

राव शब्दाचे पक्के. बाटली पुन्हा दिसली नाही. फळीवर एक मान डोलावणारा, पोट सुटलेला चेट्टियार वाण्याचा बाहुला होता, कागदाच्या लगद्याचा, आतून पोकळ. डोकं उचललं की बाटली पोटात उभी राही. संध्याकाळी चार घोट, मग बूच अलगद, वर डोकं. चेट्टियाराची मान तेवढी ताठ झाली, डोलेना.

मग नवरात्र आलं. राव कचेरीतून येऊन बघतात तो चेट्टियार कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीच्या, सगळ्यांत वरच्या पायरीवर, देवांच्या शेजारी, आणि समोर गल्लीतल्या बायका प्रसादाचं हरभऱ्याचं सुंडल खात बसलेल्या.

"यंदा चेट्टियार अंगानं भरलाय," वेंकूबाई म्हणाली.

मांडलेला बाहुला दशमीपर्यंत हलवायचा नाही. रात्री मायलेकी कोलूपुढेच निजत. राव रोज संध्याकाळी कोरड्या घशाने, हात जोडून वरच्या पायरीकडे बघत बसत.

"काय भक्ती हो," दारूबंदी इन्स्पेक्टरची बायको भागीरथीबाई म्हणाली. "आमचे हे तिन्हीसांजेला देवासमोर फिरकत नाहीत."

दशमीची आरती झाली. आता रीतीप्रमाणे एक बाहुला निजवायचा.

"चेट्टियाराला निजवू," अंबा म्हणाली. "किती दिवस मान हलवली नाही त्यानं. दमलाय."

"राणीच्या बाहुलीला निजव गं. तो म्हातारा, त्याला आडवं झेपत नाही."

"म्हातारेच आडवे होतात, अप्पा."

अंबाने स्टुलावर चढून त्याला आडवा केला. क्षणभर काही झालं नाही. मग चेट्टियाराच्या गळ्यातून धार निघाली आणि पायरी पायरी उतरत भागीरथीबाईच्या पदरापाशी थांबली. वास सगळ्यांनी ओळखला, पण ओळखला म्हणायचं कुणी? बेडीसाठी आधी कुठला हात पुढे करावा, याचा राव विचार करू लागले.

भागीरथीबाईने पदर हुंगला. पुन्हा हुंगला. सुंडलाचा द्रोण खाली ठेवून ती उठली.

"अय्यो, निघालात?" वेंकूबाईने विचारलं.

"घरी जाते. आमचा चेट्टियार दोन वर्षं मान हलवत नाही. मी समजत होते, तार गंजली."

मग आणखी चारपाच बायका उठल्या.

दिवेलागणीपर्यंत गल्लीतले सगळे चेट्टियार माना डोलावू लागले. इन्स्पेक्टरसाहेबांनी रावांना पकडलं नाही. पण पुढे रस्त्यात कधी समोर आले, तर नमस्कार राहू दे, मानसुद्धा हलवत नसत.