शेवटच्या डब्याचे नाना

आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या गल्लीत रिक्षा सुरू झाली तरी लगेच निघत नाही. आधी नाना खानझोडे तिच्या मागे जाऊन उभे राहतात. डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात, वाकून चाकं बघतात, मग हात वर करून "ऑल राइट!" म्हणतात. तेव्हा ती निघते. शाळेची व्हॅन, गॅसची गाडी, कुणालाच यातून सूट नाही. एकदा नवरदेवाची सजवलेली मोटार त्यांनी अडवली आणि तिचं मागचं दार खरोखर नीट लागलेलं नव्हतं. तेव्हापासून तक्रार करणंही बंद झालं.

नाना मालगाडीचे गार्ड होते. उभी नोकरी शेवटच्या डब्यात बसून झाली. निवृत्त झाले तरी बस असो, सभा असो की लग्नाची पंगत, नाना शेवटच्याच जागेवर.

"ड्रायव्हर समोरचं पाहते. मागून कोण पाहून राहिलं?" हा त्यांचा प्रश्न. त्याच्या जोरावर नाना वादात हरत नाहीत.

विमानात ते कधी बसले नव्हते. कारण एकच, विमानाला गार्ड नसतो.

"सरळ सांगा ना, घाबरता म्हणून," शेजारणीच्या हक्काने मी एकदा म्हटलं.

"घाबरत नाही, पोट्टी. नियमात बसत नाही." मी बावन्न वर्षांची आहे.

मग एका सोमवारी बेंगळुरूहून फोन आला. त्यांची धाकटी बहीण सिंधूताई तिथे मुलाकडे असतात. त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन बुधवारी सकाळी ठरलं होतं. रेल्वेने गेले तर नाना ऑपरेशननंतर पोचणार होते. मी मंगळवारी माझ्या लेकाकडे विमानाने तिकडेच निघाले होते. नानांचं तिकीट काढलं, यादी केली: आधार कार्ड, बीपीच्या गोळ्या, कानात घालायला कापूस, लिमलेटच्या गोळ्या, स्वेटर. एक प्रत त्यांना दिली. अर्ध्या तासाने ती परत आली. खाली सुवाच्य अक्षरात सहावं कलम होतं: "गार्डची व्यवस्था काय?"

मी त्यापुढे "बघू" असं लिहिलं. यादीत "बघू" लिहायची माझी पद्धत नाही.

विमानतळावर नानांनी विमानातली शेवटची रांग मागून घेतली. तपासणीत त्यांच्या पिशवीतून हिरवा झेंडा निघाला. काठी ठेवून घेतली, कापड परत दिलं. नानांनी त्याची नीट घडी घालून ते खिशात ठेवलं.

विमानात शिरून ते थेट मागे गेले आणि थबकले. शेवटच्या रांगेमागे चहाची भांडी ठेवायचं कपाट होतं आणि संडास. मागे बघायला खिडकीच नव्हती.

"पोट्टी, मी उतरतो."

"नाना, सिंधूताईंचं उद्या ऑपरेशन आहे."

"सांग तिले, गाडी सुटली म्हणून." त्यांनी पिशवी उचलली. दार अजून उघडं होतं आणि नानांच्या चालीवरून ते दारापर्यंत थांबणार नाहीत असं दिसत होतं.

हवाईसुंदरी वाटेत आली. "दादाजी, बैठ जाइए."

"बेटी, तुम कहाँ बैठती हो?"

"यहीं, सबसे पीछे."

"पीछे का दरवाजा कौन देखता है?"

"मैं ही देखती हूँ. फिर कॅप्टन को फोन पे बोलती हूँ, सब ठीक है. तब प्लेन चलता है."

नानांनी पिशवी खाली ठेवली. "तुम नहीं बोलोगी तो?"

"तो नहीं चलेगा."

"कहाँ की हो?"

"अभनपुर की, दादाजी."

अभनपूर आमच्या गावाशेजारचंच. "हव," नाना म्हणाले आणि बसले. पट्टा बांधताना माझ्यावर डाफरले, "गार्ड आहे म्हणून आधी सांगितलं काहून नाही?"

दार लागलं. पोरीने फोन केला, मागे वळून नानांना अंगठा दाखवला. नानांनी हात वर केला. खिशातल्या वहीत सुटायची वेळ लिहिली. नऊ मिनिटं लेट.

मग बेंगळुरूपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट. मी लिमलेटची गोळी दिली, ती त्यांनी कागदासकट तोंडात टाकली.

"नाना, भीती वाटते का?"

"गार्डले भेव नसते."

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. सिंधूताई केस विंचरून, ताठ बसल्या होत्या. सून बाहेरच सांगत होती, सकाळपासून कुणाला धीरही देऊ देत नाहीत, मला काही होत नाही एवढंच म्हणतात. नानांना बघताच त्या हसल्या.

"आला का विमानातून? भेव वाटला असन न, दादा?"

मी 'गार्डले भेव नसते' या नियमाची वाट बघत होते.

"लय वाटला, सिंधू," नाना म्हणाले. "सगळ्या रस्त्याभर. कोणाचा तरी हात धरावा वाटे. पण कोणाले म्हणू?"

विमानात मी दोन तास त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते.

सिंधूताईंचं हसू ओसरलं.

"मले बी भेव वाटून राहिला, दादा," त्या म्हणाल्या. "उद्याचा."

त्यांनी चादरीखालून हात बाहेर काढला. नानांनी खुर्ची पलंगाला भिडवली आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

मी चहा आणते म्हणून बाहेर पडले. चहा कुणीच मागितला नव्हता.