गुडघाभर की पुरुषभर

कुकडी नदीच्या काठावर सोपानच्या शेतात दगडी कुऱ्हाड सापडली, तेव्हा तिच्यासाठी महिनाभर तळ ठोकून बसलेले दोघंही संशोधक चतुर्थीचं निमित्त साधून ओझरच्या गणपतीला गेले होते. सोपान एकटाच त्यांनी खणलेल्या खड्ड्याच्या कडा तासत होता. कडेतून निघालेला तो दगड त्याला देवाच्या घडणीचा वाटला. त्याने तो बायकोकडे दिला. चिमाबाईने रीतीप्रमाणे तो धुतला, शेंदूर लावून बाभळीखाली बसवला आणि नारळ फोडला.

संध्याकाळी पुण्याचे साहेब आणि त्यांच्या सहकारी निर्मला मॅडम परतले. प्रसादाचं खोबरं खाताखाता मॅडमना शेंदराखालची कुऱ्हाड ओळखू आली आणि खोबरं घशातच अडकलं. ती किती खोलवर होती, हे कुणीच मोजलेलं नव्हतं. शास्त्राला तेवढंच हवं होतं. नुसते दगड नदीत भरपूर होते.

मग तीन दिवस वाद चालला. मॅडम म्हणायच्या, कुऱ्हाड ज्वालामुखीच्या राखेच्या थराखालची, लाखो वर्षांची. साहेब म्हणायचे, वरच्या मातीतली, अलीकडची. अलीकडची म्हणजे दहा-वीस हजार वर्षांची. सोपानचं दुखणं वेगळं होतं. खड्ड्यापायी मोटारीचा पाइप काढून ठेवला होता आणि पाण्यावाचून कांद्याची लागण अडली होती. चिमाबाई रोज सकाळी वाढत चाललेल्या रोपाकडे बघून यायची आणि मग नवऱ्याकडे बघायची. अशात मॅडमचं बोलणं त्याच्या कानावर पडलं: कुऱ्हाड खोल असेल तर हा खड्डा आणखी महिनाभर खणावा लागेल.

चौथ्या दिवशी दोघांनी सोपानलाच विचारलं. खरं तर कुऱ्हाड चांगली पुरुषभर खाली होती. सोपानने गुडघ्याला हात लावला.

"हितवर. फावडं घातलं आन् आली."

"नक्की?" मॅडमनी विचारलं.

"गणपतीची आन."

साहेबांनी ते लिहून खाली त्याची सही घेतली. मॅडमचा चेहरा उतरला. सोपानला मनापासून वाईट वाटलं, पण रोप मॅडमपेक्षा जवळचं होतं. पाइप कधी जोडू, असं तो विचारणार, तोच साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"सोपानराव, खोल असती तर हा एक खड्डा पुरला असता. गुडघाभर म्हणजे सगळ्या शेतात पसरलेल्या असणार. आता सगळं शेत उकरू."

मॅडमनाही ते पटलं. महिनाभरात दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

सोपानने घाईने साहेबांचा हात धरला. "साहेब, खोटं बोललो म्या. पुरुषभर खाली व्हती."

साहेब गहिवरले. "मॅडमचं मन राखायला म्हणताय. फार मोठ्या मनाचे आहात तुम्ही."

दुपारपर्यंत शेतभर दोऱ्या ताणून झाल्या. चिमाबाईने रोप उपटलं, जुड्या बांधल्या आणि शेजारच्या धर्माजीकडे पोचवायला नवऱ्याच्या डोक्यावर दिल्या. त्या उतरवून घेताना धर्माजीने सहज विचारलं, "कुऱ्हाड किती खाली घावली म्हणं?"

"जेवढ्यावर सही केली," सोपान म्हणाला, "तेवढी."